सावलीची सुतळी

३ सप्टेंबर, रविवार

भिंतीवर काम करायला परांची उभी राहिली एकदाची. राश्कोनं वर चढून दोन उड्या मारून दाखवल्या, मी खालून ओरडले, आणि सासूबाई अक्रोडाखालच्या बाकावरून म्हणाल्या, "मारू दे गं उड्या. पडला तर काम तरी बंद होईल."

हे सगळं कशासाठी ते लिहून ठेवते, नाहीतर पुढं स्वतःलाच शिव्या देत बसेन. राश्कोचा कारखाना बंद पडला, माझी शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी गेली, म्हणून मागच्या वर्षी आम्ही शहर सोडून त्याच्या आईकडे, या डोंगरातल्या गावी आलो. जानेवारीत सासूबाईंच्या खोलीतल्या उत्तरेच्या भिंतीवर आतून बर्फ धरला. सकाळी नखानं खरवडला की निघायचा. आमच्या खोलीत झोपा म्हटलं तर म्हणायच्या, "माझ्या नवऱ्यानं बांधलेली भिंत आहे, मला नाही गार लागत." हे बोलताना दात वाजायचे.

म्हणून यंदा चारी भिंतींना बाहेरून थर्माकोलच्या पाट्या, त्यावर जाळी आणि वर गिलावा. गवंडी मिळत नाहीत, गावातले सगळे जर्मनीत परक्यांच्या भिंती लिंपतायत. तेव्हा राश्को फोनवर बघून शिकतोय आणि मी राश्कोकडे बघून. संत दिमितरच्या सणाआधी, म्हणजे ऑक्टोबर सरायच्या आत, संपवायला हवं. मग रात्री गोठायला लागतं आणि ओला गिलावा गोठला की पुढच्या वसंतात सगळा गळून पडतो.

८ सप्टेंबर

पश्चिमेची भिंत सुरू केली. पाटीच्या मागं सिमेंटचा चिकट गारा थापायचा, पाटी भिंतीवर दाबायची, ओळंबा लावून बघायची. ऐकायला सोपं वाटतं. माझी पहिली ओळ दारू प्यायलेल्या माणसासारखी चालली होती.

"नेव्हेना," सासूबाई बाकावरून म्हणाल्या, "डोळे तपासून घे बाई. चष्म्याला खर्च कमी येईल, भिंत परत नव्यानं करण्यापेक्षा."

"तुम्ही या वर, दाखवा करून."

"माझं वय असतं तर आलेच असते."

शेजारचे मीन्योकाका कुंपणावर कोपर टेकून हसत होते. जन्मभर ट्रॅक्टर चालवला, पण आजोबा गवंडी होते म्हणून बांधकामातलं सगळं आपल्याला कळतं अशी त्यांची पक्की समजूत आहे.

दुपारी राजम्याचं सूप केलं होतं. सासूबाईंनी दोन चमचे घेतले आणि वाटी मांजरापुढं ठेवली. माझ्या देखत! हल्ली उकडलेल्या भोपळ्याशिवाय काही खात नाहीत. भोपळा खाऊन भोपळ्याच्याच रंगाच्या होणार आहात, म्हटलं तर हसल्या. माझ्या हातचं आवडत नाही हे सांगायची ही त्यांची रीत, वीस वर्षांत मला पाठ झालीय.

१४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी सकाळी सासूबाई काळा चांगला रुमाल डोक्याला बांधून, हातात फुगलेली पिशवी घेऊन गाडीपाशी उभ्या. "मला जरा शहरात सोडाल का?"

गुरुवार म्हणजे शहराचा बाजार. तिथं त्यांची बहीण भेटते, दोघी मिळून अख्ख्या गावाचं धुणं धुतात. पण बाजाराला जायला एवढी पिशवी कशाला, देव जाणे. गाडीत मागं-पुढं सिमेंटची पोती भरलेली, मागच्या बाकावर पाट्या. आकाश स्वच्छ, असा दिवस परत कधी मिळणार! राश्को वर परांचीवर भोकं पाडत होता, यंत्राच्या आवाजात त्याला काही ऐकू येत नव्हतं.

मी म्हटलं, "आई, भिंत होऊ दे, मग जाऊ. बाजार काय, दर गुरुवारी असतो."

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग "बरं" म्हणाल्या, आत जाऊन रुमाल सोडून आल्या आणि भाजलेल्या मिरच्या सोलायला बसल्या. वाद नाही, टोमणा नाही. मला उलट बरंच वाटलं, म्हटलं एकदा तरी माझं ऐकलं.

पश्चिमेची भिंत पूर्ण. माझी शेवटची ओळ बरीच सरळ आलीय.

२१ सप्टेंबर

पाऊस. काम बंद. मीन्योकाका स्वतः गाळलेली दारू, राकिया, घेऊन आले, म्हणजे संध्याकाळपर्यंत हलणार नव्हते. सासूबाई चुलीजवळ कमरेमागं उशी घेऊन बसल्या होत्या. बाकावर बसून बसून पाठ धरलीय म्हणे.

"तुमची भिंत टिकायची नाही," मीन्योकाका म्हणाले. "आत कुणाला घातलंय का?"

"काय घालायचं?" राश्को म्हणाला.

"सावली! आमचा आजोबा टोळीबरोबर पार समुद्रापर्यंत बांधकामाला जायचा. पूल असो, घर असो, वाटेनं जाणाऱ्याची सावली गुपचूप सुतळीनं मापायची आणि ती सुतळी भिंतीत चिणायची. भिंत शंभर वर्षं हलत नाही."

"आणि तो माणूस?" मी विचारलं.

"तो जातो. झुरून झुरून, वर्ष पुरं व्हायच्या आत." त्यांनी पेला रिकामा केला. "भिंतीला कुणीतरी लागतंच ना धरून ठेवायला."

राश्को हसत सुटला. म्हणाला, मग काका उद्या उन्हात जरा आमच्या भिंतीपाशी उभे राहा. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "माझी आई बांधकामाजवळून जाताना आम्हाला पळायला लावायची," एवढंच म्हणाल्या.

२७ सप्टेंबर

आज जे केलं ते लिहायला हात धजत नाही. पण लिहिलं नाही तर मनात घोळत राहील.

उत्तरेची भिंत चालू आहे, म्हणजे सासूबाईंच्या खोलीची. सकाळभर मी एकटीनं कोपऱ्याकडच्या पाट्या लावल्या. राश्को जाळी आणायला गेला होता. भाकरी टाकायला आत गेले, परत येऊन बघते तर माझ्या पाट्या गवतात पडलेल्या! सासूबाई काठीनं शेवटची उचकटत होत्या. गारा अजून ओला होता, त्यामुळे भसाभस निघाल्या.

"वाकड्या होत्या," त्या म्हणाल्या.

"वाकड्या होत्या तर वाकड्या! कुणाची खोली ऊबदार व्हावी म्हणून मरतेय मी इथं?"

"माझ्या नवऱ्याची भिंत आहे. त्यावर असलं वेडंविद्रं नको. तुला जमत नसेल तर राश्कोला करू दे, तू आपली बरण्या धू."

तेव्हाच मी काही बोलले असते तर बरं झालं असतं. त्या वळून कोपऱ्यापाशी कोंबड्यांना दाणे टाकत उभ्या राहिल्या. कोपऱ्याबाहेर ऊन त्यांच्या पाठीवर होतं आणि त्यांची सावली पुढं गवतावर पसरली होती. माझ्या खिशात ओळंब्याची सुतळी होती. मी वाकले, डोक्याच्या सावलीपासून टाचेपर्यंत सुतळी धरली, मिरच्या चिरायच्या सुरीनं कापली. मग गारा कालवला, पाटीच्या मागं सुतळी गुंडाळून दाबली आणि पाटी कोपऱ्यात बसवली.

काय सांगू, इतकं हलकं वाटलं! उरलेल्या पाट्या गाणं गुणगुणत लावल्या, आणि सगळ्या ओळंब्यात आल्या.

संध्याकाळी हसू आलं स्वतःचंच. पन्नाशीची बाई मी, आणि हे धंदे. मीन्योकाकांच्या राकियाच्या गप्पा त्या.

४ ऑक्टोबर

सासूबाई पडल्या.

खुराड्यापाशी. कोंबड्यांचा गोंधळ ऐकून मी परांचीवरून खाली बघितलं तर त्या जमिनीवर बसलेल्या, एक हात पोटावर. उचलायला गेले तर वजनच नाही. घागऱ्याच्या कमरेला मोठी पिन लावून दोन चुण्या घातलेल्या. जवळून त्यांचे डोळे बघितले, तर पांढरा भाग पिवळाधमक. मी त्यांना भोपळ्यावरून चिडवत होते.

राश्कोनं पोती आणि पाट्या गाडीतून भराभर चिखलात टाकल्या. गाडी रिकामी करायला काहीच वेळ लागला नाही.

मी त्यांचे कपडे घ्यायला खोलीत धावले. पलंगाखाली पिशवी भरलेलीच होती, आत झोपायचा झगा, टॉवेल, सपाता, साबण. म्हाताऱ्या माणसांना अशी तयारी करून ठेवायची सवय असते. त्यामुळे वेळ वाचला. ती तशीच त्यांच्या मांडीवर ठेवली. गाडी गेली आणि मी अंगणात उभी राहून त्या कोपऱ्यातल्या पाटीकडे बघत राहिले.

माझ्यामुळे झालं हे. माझ्यामुळेच.

७ ऑक्टोबर

राश्को शहरातून येतो, सरळ परांचीवर चढतो आणि अंधार पडेपर्यंत जाळी लावतो. डॉक्टर काय म्हणाले विचारलं की म्हणतो, "उशीर झाला म्हणाले." पुढं विचारलं की यंत्र सुरू करतो.

मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. कुठल्या संतापुढं लावायची ते कळेना. असल्या पापाचा संत कोण? शेवटी सगळ्यांपुढं एकेक लावली. तिथली बाई म्हणाली, सासूसाठी एवढं करणारी सून आजकाल कुठं बघायला मिळते! मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

परत येताना मीन्योकाकांना गाठलं आणि सगळं सांगितलं. आधी ते हसले. मग माझ्याकडं बघून हसायचे थांबले आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

"काका, ती सुतळी बाहेर काढली तर?"

"मला काय ठाऊक पोरी! मी ट्रॅक्टरवाला माणूस." मग बराच वेळ कुंपणाची काडी सोलत बसले. "माझा आजोबा हे सांगायचा तेव्हा तोही प्यायलेला असायचा. पण काढ. काढून टाक. काय बिघडतंय?"

बिघडतंय ते असं की राश्कोनं आजच त्या भिंतीवर जाळी बसवून पहिला थर दिला. आठवडाभरात गोठायला लागणार असं फोन सांगतोय.

१२ ऑक्टोबर

सासूबाईंना घरी आणलं. तिथं ठेवून उपयोग नाही म्हणाले. त्या आपल्याच खोलीत, आपल्याच पलंगावर आहेत, उत्तरेच्या भिंतीला लागून. सुतळीपासून दोन हातांवर. बाहेर राश्को शेवटचा गिलावा ओढतोय आणि त्याची थापी घासल्याचा आवाज आत येतो. त्या डोळे मिटून तो आवाज ऐकत असतात.

"सरळ होतेय ना?" त्यांनी विचारलं.

"होतेय, आई."

"तू केलेला कोपरा?"

मी पाणी आणायला उठले.

१६ ऑक्टोबर

भिंत फोडली.

राश्को औषधं आणायला गेला तसा मी हातोडा आणि छिन्नी घेतली. कोपऱ्यातला गिलावा, जाळी, पाटी, सगळं उचकटलं. सुतळी सापडली, पण गाऱ्यात दगडासारखी बसलेली. ओढली की तुकडे पडायचे. एकेक तुकडा नखांनी खरवडत होते तेवढ्यात गाडी आली.

"वेड लागलंय का तुला? उद्या रात्री गोठणार आहे!"

मी सांगितलं. सगळं. मीन्योकाका, कोंबड्या, सुरी. तो मारेल याची मी वाट बघत होते. खरं म्हणजे त्यानं मारावं असंच वाटत होतं.

तो गाऱ्याच्या उलट्या बादलीवर बसला आणि हसायला लागला. हसता हसता रडायला लागला.

"तुझ्या सुतळीनं? नेव्हेना, डॉक्टर म्हणाला, पोटातली गाठ किमान उन्हाळ्यापासूनची आहे. वसंतापासूनचीही असेल." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "सप्टेंबरात आणलं असतं तरी नळी घालून काही महिने सुखाचे मिळाले असते म्हणाला. अन्न तरी गेलं असतं पोटात. मला एवढंच कळत नाही, तिनं सांगितलं का नाही? एकदासुद्धा कशी बोलली नाही?"

"त्यांचा स्वभावच तसला," मी म्हटलं.

आम्ही दोघांनी मिळून कोपरा परत बसवला. तो पाटी धरत होता, मी गारा लावत होते. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. सुतळी निर्दोष ठरली. पण हाताला काम होतं म्हणून डोकं बंद होतं, आणि डोकं सुरू व्हायची मला भीती वाटत होती.

१८ ऑक्टोबर

त्यांचे कपडे धुवून वाळत घालत होते. झगा, टॉवेल, सपाता पुसून उन्हात ठेवल्या. दोरीवर काळा रुमाल टाकला आणि हात तिथंच राहिला.

ती पिशवी चार तारखेसाठी भरलेली नव्हती.

बाजाराला कोण सपाता घेऊन जातं? कोण साबण नेतं? मी स्वतःच वहीत लिहिलंय, बाजाराला जायला एवढी पिशवी कशाला. लिहिलं, आणि पुढच्या ओळीत सिमेंटच्या पोत्यांबद्दल लिहिलं.

दर गुरुवारी असतो म्हणाले मी.

राश्कोनं ऐकलं नव्हतं. तो वर होता. हे फक्त मला माहीत आहे, आणि सासूबाईंना.

२३ ऑक्टोबर

काम संपलं. परांची उतरवली. घर बाहेरून पिवळसर, नवं कोरं दिसतंय. लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला येतात, राश्कोची पाठ थोपटतात. मी आत असते.

रोज ठरवते की आज राश्कोला सांगायचं. सकाळी तो शेगडी पेटवतो, तेव्हा सांगायचं असं ठरवते. मग तो आईला पाण्यात बुडवलेला पाव भरवतो, तिच्या हनुवटीवरचे थेंब अंगठ्यानं टिपतो, आणि माझी जीभ उचलत नाही. भ्याड आहे मी. सुतळीचं पाप कबूल करायला केवढी धावत गेले होते! ते सोपं होतं, कारण ते खरं नव्हतं.

२६ ऑक्टोबर, संत दिमितरचा दिवस

सकाळी पहिलं दाट हिव पडलं. गवत पांढरं झालं होतं. पूर्वी या दिवशी गवंड्यांच्या टोळ्या काम संपवून घरी परतायच्या, असं मीन्योकाका राकिया देताना सांगून गेले.

राश्को लाकडं आणायला गेला होता. मी सासूबाईंच्या पलंगावर बसले आणि म्हटलं, "आई, त्या गुरुवारी तुम्ही डॉक्टरकडे निघाला होतात."

त्यांनी डोळे उघडले. आता सगळेच पिवळे झालेत, पण नजर तीच आहे, परांचीवरून मला खाली आणणारी.

"मी राश्कोला सांगणार आहे," मी म्हटलं. "मी थांबवलं तुम्हाला. मीच."

"सुतळीचंही सांगितलंस म्हणे त्याला."

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या खिडकीखाली भोकाड पसरलं होतं दोघांनी. आणि मापताना मी बघितलं होतं तुला. कोंबड्यांच्या मागं रांगत होतीस." ओठ थोडे हलले. "म्हटलं, बघू या. बाई एकदा तरी काहीतरी नीट मापतेय."

मी रडायला लागले. त्यांनी हात उचलायचा प्रयत्न केला, पण तो गोधडीवरच पडून राहिला.

"त्या दिवशी का नाही बोललात? एवढंच म्हणायचं, की पोटात दुखतंय."

"तुम्ही दोघं किती वर्षांनी एकत्र काहीतरी करत होतात. सकाळी वर चढताना तो शीळ घालत होता." थोडा वेळ त्या नुसत्या श्वास घेत होत्या. "आणि मलाही वाटलं, भिंत झाल्यावर जाऊ. मीही तेच म्हटलं मनात. सगळं आपल्याच अंगावर ओढून घेऊ नकोस, तुला तशीही खोड आहे."

"तरी मी सांगणार त्याला."

"नाही सांगायचं." आवाज एकदम पूर्वीसारखा झाला, गवतात पाट्या पाडणारा. "तुला सांगून मोकळं व्हायचंय. मग त्याचं काय? आई तर चाललीच. उरलीस तू एकटी. तेवढी तरी त्याच्याजवळ धड राहू दे. तुझं तू सांभाळ."

मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी पाया पडून रडले असते. हे त्यांनी जे दिलं त्याचं मी काय करू?

दार ढकलून राश्को लाकडं घेऊन आला. गालांवर थंडीची लाली, मिशीवर दहिवर. लाकडं खाली टाकली आणि सवयीनं हाताचा पंजा उत्तरेच्या भिंतीवर ठेवला. रोज ठेवतो. मग आईकडे वळला.

"आई, एक विचारू? खरं सांग. तुला कधीपासून दुखत होतं? का नाही बोललीस?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मला कुठं काय होत होतं? पडले त्या दिवशीच कळलं मला."

"शपथ?"

"आईला शपथा घालतोस? लाकडं घाल शेगडीत."

त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं मी बघितलं. त्यानं शेगडीत दोन ओंडके घातले, परत पलंगापाशी येऊन गोधडी आईच्या पायांखाली दुमडली.

"गरम होतेय ना खोली?"

"होतेय रे. भिंत चांगली केलीत," त्या म्हणाल्या.

मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मीही काहीतरी म्हणावं, एवढीच त्याची अपेक्षा होती. दोघंही माझ्याकडे बघत होते.

"गरम आहे," मी म्हटलं. "यंदा आतून बर्फ धरायचा नाही."